लुइझियाना : एका फॅब्रिकेशनवाल्यानं बघितलेलं मॉडर्न आर्ट

कोपनहेगनला गेलेला माणूस साधारण काय बघतो, तर दगडावर बसलेली ती लिटल मर्मेड (फोटोत वाटते त्यापेक्षा बरीच लहान आहे, आधीच सांगून ठेवतो), न्यूहाव्नच्या काठावरची रंगीत घरं, तिवोलीची बाग, आणि उरलेला वेळ सगळं किती महाग आहे यावर चर्चा. आम्ही पण हे सगळं केलं, चर्चेसकट. पण आमच्या हिच्या डायरीत कोल्हापुरातनं निघायच्या आधीपासनं एका पानावर एकच नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, लुइझियाना. मी म्हटलं अगं ते अमेरिकेत आहे, आपला व्हिसा शेंगेनचा. तर हे निघालं म्युझियम, मॉडर्न आर्टचं, कोपनहेगनच्या उत्तरेला साधारण पस्तीस किलोमीटरवर, समुद्राच्या अगदी काठावर.

ही हायस्कूलला ड्रॉइंग टीचर होती, आता रिटायर झाली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या किती बॅचेस तिच्या हाताखालनं गेल्या याचा हिशेब तिच्याकडंच. माझं शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम, आता मुलगा बघतो. म्हणजे माझं आयुष्य प्लेट, अँगल, चॅनेल, वेल्डिंग रॉड आणि पार्टीकडनं पेमेंट कधी येणार यात गेलं. त्यामुळं मॉडर्न आर्ट म्हटल्यावर माझा चेहरा जसा व्हायचा तसा झाला, पण परदेशात नवराबायको दोघंच असताना भांडून जाणार कुठं, रूम पण केवढीशी, त्यामुळं गेलो.

नोरेपोर्ट स्टेशनवरनं हेल्सिंगॉरकडं जाणारी गाडी पकडायची, पाऊण तासाच्या आत हुम्लेबेकला उतरवते. उजव्या बाजूला बसा, मध्ये मध्ये झाडांतनं समुद्र दिसत राहतो. डब्यात लोक सायकली घेऊन चढतात आणि कुणी कुणावर खेकसत नाही, हे बघायलाच मला दहा मिनिटं गेली. हुम्लेबेक म्हणजे एकदम छोटं स्टेशन, बाहेर पडलं की बंगल्यांच्या कुंपणाकडेनं दहाएक मिनिटं चालायचं. आणि मग समोर काय येतं, तर वेल चढलेलं एक जुनं पांढरं घर. एवढंच. मी हिला म्हटलं, "पत्ता नीट बघितलास ना?" कारण जगातल्या नावाजलेल्या म्युझियमचं दार असं एखाद्या रिटायर्ड मामलेदाराच्या बंगल्यासारखं असेल असं वाटतच नाही.

आता त्या घराची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर ब्रून नावाच्या बड्या असामीनं ते बांधलं. त्याची तीन लग्नं झाली आणि तिन्ही बायकांचं नाव लुइझ, म्हणून घराचं नाव लुइझियाना. ही गोष्ट वाचून दाखवताना हिनं माझ्याकडं जरा रोखून बघितलं, मी काही बोललो नाही. पुढं १९५०च्या दशकात क्नुड येन्सन नावाच्या माणसानं ही जागा घेतली. या येन्सनच्या वडिलांचा चीजचा घाऊक धंदा होता, तो यानं चालवला आणि मग विकला, आणि तो पैसा या म्युझियममध्ये घातला. १९५८च्या ऑगस्टमध्ये ते लोकांसाठी उघडलं. आधी त्याच्या डोक्यात फक्त डेन्मार्कच्या चित्रकारांची कला ठेवायची होती, पण दुसऱ्याच वर्षी जर्मनीत कासेलला डॉक्युमेंटाचं मोठं प्रदर्शन बघून आला आणि विचार बदलला, म्हटला जगाचं आणायचं. धंदेवाल्या माणसाचा हा गुण मला आवडला. बाहेर चांगलं काही दिसलं की आपला प्लॅन बदलायला लाज वाटत नाही त्याला.

आर्किटेक्ट दोघं, यॉर्गन बो आणि विल्हेल्म वोलर्ट. त्यांना येन्सननं अटी घातल्या, त्या माझ्यासारख्या ऑर्डरीची कामं घेणाऱ्या माणसाला एकदम पटल्या. एक, आत येणं जुन्या घरातनंच, म्युझियम पुढं कितीही वाढू दे. दोन, उत्तरेला दोनशेएक मीटरवर एक तळं आहे, त्या तळ्याकडं उघडणारी एक खोली पाहिजे. तीन, आणखी शंभरएक मीटर पुढं जिथं गुलाबाची बाग होती, समुद्रावरच्या त्या उंचवट्यावर, तिथं कॅफे आणि गच्ची. बास. मध्ये काय करायचं ते तुम्ही बघा. याला म्हणतात क्लायंट. आमच्याकडं येणारे क्लायंट पायरीची उंची पण स्वतः ठरवतात आणि मग डोकं आपटलं की आम्हाला फोन करतात.

त्या दोघांनी महिनोन्‌महिने बागेत नुसतं फिरून झाडं आणि चढउतार बघितले म्हणे, आणि मग जमिनीच्या कलानं, झाडं वाचवत, लांबच लांब काचेचे कॉरिडॉर काढले. पांढऱ्या रंगवलेल्या विटांच्या भिंती, खाली लाल फरशी, वर लाकडी तुळया. या तुळया अखंड लाकडाच्या नाहीत, फळ्या एकावर एक चिकटवून दाबून केलेल्या आहेत. हे मी मान वर करून बराच वेळ बघत उभा राहिलो तेव्हा शेजारी आणखी दोघंजण माझ्याकडं बघून वर बघायला लागले, त्यांना वाटलं असेल वर काहीतरी कलाकृती टांगलीय. खरं तर माझ्या मते आहेच. कॉरिडॉरमधनं चालताना डावीकडं झाड, उजवीकडं झाड, मध्ये एखादं चित्र, मग दोन पायऱ्या खाली, मग वळण. पाय दुखत नाहीत. मी आजवर ज्या ज्या म्युझियममध्ये गेलोय तिथं तासाभरात कंबर धरते आणि मग माणूस चित्रं न बघता बाकडी शोधत फिरतो. इथं तसं होत नाही कारण दर थोड्या वेळानं बाहेरचं हिरवं दिसतं, दार असेल तर सरळ गवतावर जाता येतं, वारं खाऊन परत आत. मला जर कुणी विचारलं तिथली सगळ्यात भारी वस्तू कुठली, तर मी इमारत म्हणेन. हिला हे पटत नाही. ती म्हणते इमारत ही ताट आहे, जेवण नव्हे. बरं.

नंतर नंतर त्यांनी भर घालत नेली, एक विंग मग दुसरी, आणि १९९१मध्ये जमिनीखालनं एक भाग बांधून दोन टोकं जोडली, त्यामुळं आता आख्खी फेरी पूर्ण होते, माणूस फिरत फिरत परत जुन्या घरात येतो. बाहेरनं बघितलं तर काहीच दिसत नाही, सगळं झाडीत लपलेलं. इतकं चौरस फूट बांधकाम करून ते लपवायचं, हे आपल्याकडं सांगितलं तर बिल्डर वेड्यात काढतील.

एक गोष्ट आम्ही सुरुवातीलाच ठरवली, बरोबर फिरायचं नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत आलेलं हे शहाणपण. ही एका चित्रासमोर पंधरा मिनिटं उभी राहते, मला पंधरा सेकंदांत कळतं की कळलेलं नाही. मग मी पुढं जाऊन थांबतो, ती मागनं येताना वैतागते, "अहो तुमच्यामुळं घाई होते", मी म्हणतो मी काही बोललो तरी का. त्यापेक्षा वेगळं. दीड वाजता कॅफेच्या गच्चीवर भेटायचं ठरलं. पण ठरवून वेगळं झालो तरी तळ्याकडच्या त्या खोलीत आम्ही एकमेकांना सापडलोच.

ती खोली जियाकोमेत्तीची. दुमजली उंच, पायऱ्या उतरून खाली जायचं, एका बाजूला जमिनीपासनं वरपर्यंत काच आणि काचेपलीकडं तळं आणि झाडं. आणि आत ते पुतळे. उंच, हडकुळे, मांस सगळं गळून गेलेलं. आल्बेर्तो जियाकोमेत्ती मूळचा स्वित्झर्लंडचा, जन्म १९०१चा, आयुष्य बरंचसं पॅरिसमध्ये एका लहानशा स्टुडिओत काढलं. त्याचा 'चालणारा माणूस' इथं आहे, १९६०चा, ब्राँझ, उंची साधारण आपल्याएवढीच पण रुंदी हाताच्या मनगटाएवढी. न्यूयॉर्कच्या एका बँकेसमोरच्या चौकासाठी त्यानं हे काम सुरू केलं होतं, ते पुढं बारगळलं, पण त्यातनं हे पुतळे झाले. अशाच एका चालणाऱ्या माणसाला २०१० साली लंडनच्या लिलावात साडेसहा कोटी पौंड मिळाले होते. हे मी हिला सांगितल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला काही बघताना किंमत आठवल्याशिवाय राहवत नाही का?" राहवत नाही, काय करू, कोटेशन काढण्यात जन्म गेला.

पण एक सांगतो. पैसे बाजूला ठेवून मी त्याच्या अंगाचा पृष्ठभाग बघत होतो. आपल्याकडं पुतळा म्हणजे कास्टिंग झाल्यावर घासून, फाइल मारून, पॉलिश करून गुळगुळीत. कोल्हापुरात फाउंड्री काही कमी नाहीत, ब्राँझ ओतणारे हात पण मी बघितलेत. इथं उलटं. मातीत बोटं दाबली, चिमटे काढले, सुरीनं खरवडलं, ते सगळं जसंच्या तसं धातूत उतरवलंय. वेल्ड मारून स्लॅग, म्हणजे वरची खपली, झाडायच्या आधी कसं दिसतं तसं. आमच्या पोरानं असला जॉब दिला असता तर मी परत पाठवला असता. पण इथं त्या खडबडीतपणामुळंच उजेड त्यावर ठरत नाही, बाहेर ढग आला की पुतळा बदलतो, ऊन आलं की परत बदलतो. आणि पाय बघा, केवढे मोठे, जड, जमिनीला चिकटलेले. वर काहीच नाही आणि खाली एवढं वजन. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी एकदम खाली ठेवलाय म्हणून तो पडेल असं वाटत नाही पण चाललाय असं मात्र वाटतं. हे मी हिला माझ्या भाषेत सांगितलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली, म्हणाली, "अहो हेच तर मी पोरांना सांगायचे, वजन कुठं आहे ते आधी बघा."

मग तिनं पर्समधनं वही काढली आणि फरशीवर मांडी घालून बसली. पेन्सिलनं काढायला कुणी हरकत घेतली नाही. शेजारी डॅनिश शाळेतली पोरं बसली होती, आठ-नऊ वर्षांची असतील, त्यांना पण कागद दिलेले. त्यातलं एक पोरगं वाकून हिच्या वहीत बघायला लागलं, हिनं पण त्याच्या कागदात बघितलं. भाषा एकमेकांची येत नाही पण हिनं बोटानं त्याच्या माणसाच्या पायाकडं दाखवलं आणि हातानं "मोठे कर, मोठे" असं केलं. पोरानं केले. रिटायर झाली तरी मास्तरीण ती मास्तरीणच. मी तिथनं निघालो.

आणि निघालो ते बरं झालं, कारण गच्चीवर मला काल्डर भेटला. अलेक्झांडर काल्डर, अमेरिकन. आजोबा आणि वडील दोघंही शिल्पकार, पण हा पठ्ठ्या आधी मेकॅनिकल इंजिनिअर झाला, १९१९ची डिग्री. हे मला आधी माहीत असतं तर मी इतका तोंड वाकडं करून आलोच नसतो. हवेत तारांवर लटकून हलणारी शिल्पं त्यानं केली, त्यांना मोबाइल म्हणतात, म्हणजे आपल्या खिशातला मोबाइल यायच्या कितीतरी आधी हे नाव मार्सेल ड्युशां या फ्रेंच कलाकारानं दिलं होतं. आणि न हलणारी ती स्टॅबाइल. लुइझियानाच्या गच्चीवर त्याची तीन मोठी लोखंडी कामं उभी आहेत, मागं समुद्र. काळ्या रंगाचे पत्रे, कमानी, टोकं, आणि एकाच्या डोक्यावर वाऱ्यानं फिरणारे पंखे.

लोक फोटो काढत होते आणि मी खाली वाकून बोल्ट बघत होतो. कारण काल्डरनं काही लपवलेलं नाही. प्लेटला प्लेट जिथं जोडलीय तिथं कोन, नटबोल्ट सगळं उघडं. मोठी प्लेट वाकू नये, थरथरू नये म्हणून तिला काटकोनात उभ्या पट्ट्या लावतात, आम्ही त्याला स्टिफनर म्हणतो, रिब म्हणतो. इथल्या एका शिल्पाचं तर नावच 'स्लेंडर रिब्स' आहे, १९६३चं. स्टिफनरलाच त्यानं शिल्प केलंय. त्याची मोठी कामं बरीचशी फ्रान्समध्ये तूर नावाच्या गावातल्या एका लोखंडकामाच्या कारखान्यात बनायची. हा पत्रा कापून लहान मॉडेल करायचा, कारखान्यातले लोक ते मोठं करायचे, मग हा बघायला जायचा, इथं हलतंय, इथं रिब टाका, असं करत करत. म्हणजे आमच्यासारख्याच शेडमध्ये, गॅस कटरच्या वासात. तो कारागीर आणि काल्डर चहा पिता पिता काय बोलत असतील हे मला चित्रापेक्षा जास्त डोळ्यांपुढं येतंय. आणि तो वरचा फिरणारा भाग, काय बॅलन्स केलाय, एवढं वजन आणि झुळूक आली तरी फिरतो, आवाज नाही, करकर नाही. बाहेर समुद्राची खारी हवा, म्हणजे देखभाल पण कुणीतरी मनापासनं करतंय. नाद खुळा काम.

दीडला ही आली. मला बोल्टजवळ उकिडवा बसलेला बघून म्हणाली, "मोजले का?" मोजले होते पण सांगितलं नाही.

जेवणाचं सांगतो कारण आपली मंडळी तेच आधी विचारतात. कॅफेत बुफे असतो, चांगला असतो, शाकाहारी खाणाऱ्याला सॅलड, ब्रेड, बटाटा मिळतो, पण किंमत बघून घास अडकतो. आम्ही दोन कॉफ्या तेवढ्या घेतल्या, एकेक पाचशे रुपयांच्या घरात. बरोबर हिनं सकाळी रूमवर केलेल्या गुळाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती खाली उतारावर गवतात बसून खाल्ली. आजूबाजूला डॅनिश लोक पण आपापले डबे उघडून पसरले होते, त्यामुळं अवघडल्यासारखं झालं नाही. समोर ओरेसुंडची सामुद्रधुनी, पलीकडं स्वीडन स्पष्ट दिसतं, आणि मध्ये व्हेन नावाचं बेट. या बेटावर टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाची वेधशाळा होती, १५७०च्या दशकात बांधलेली, दुर्बिणीचा शोध लागायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी आणि मोठमोठ्या कोनमापकांनी तो ग्रह मोजायचा. जवळच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं एक आडवं पहुडलेलं ब्राँझ, त्याच्यावर एक पोर चढू बघत होतं आणि आई शांतपणे खाली उतरवत होती. खाली समुद्रात लोक पोहत होते. जूनमध्ये. मी बोट बुडवून आलो, दात वाजले.

जेवणानंतर कुसामाच्या खोलीसाठी रांग होती. यायोई कुसामा ही जपानी बाई, १९२९ची, ठिपक्यांसाठी प्रसिद्ध, आणि १९७०च्या दशकापासनं टोकियोत स्वतःच्या मर्जीनं मनोरुग्णांच्या हॉस्पिटलमध्ये राहते आणि रोज उठून जवळच्या स्टुडिओत काम करते. तिची ही खोली २००८ची. थोडे थोडे लोक आत सोडतात, दार लावतात. आत भिंतींना आरसे, छताला आरसा, खाली पाणी, आपण मध्ये छोट्या ओट्यावर, आणि वरनं लोंबणारे टेनिस टेबलच्या चेंडूएवढे दिवे, रंग बदलत जाणारे. बघावं तिकडं दिवेच दिवे, संपतच नाहीत. मला माहीत आहे की खोली केवढीशी आहे, बाहेरनं माप मी घेतलंय डोळ्यांनी, चार बाय चार मीटरच्या आसपास, पण आत गेल्यावर ते ज्ञान काही उपयोगाला येत नाही. ही माझ्या बाहीला धरून उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली चक्कर आल्यासारखं झालं पण परत जाऊया. परत रांगेत उभं राहिलो. सोबतचे बहुतेक सगळे आत मोबाइल वर धरून होते, ते बघून वाटलं अरे तेवढ्या मिनिटात डोळ्यांनी बघा की, पण मग माझ्या फोनमध्ये पण चार फोटो निघालेच.

सगळंच आवडलं असं नाही हं. एका काळोख्या खोलीत व्हिडिओ चालू होता, एक माणूस खुर्ची उचलतो, ठेवतो, परत उचलतो. मी बाहेर पडायला तयार, ही म्हणाली थांबा काहीतरी होईल. काही झालं नाही. दहा मिनिटांनी ती पण म्हणाली, चला. एक मोठा कॅनव्हास होता सगळा पांढराच. त्यावर मी काही बोलत नाही, बोललो की घरी परत जेवण नीट मिळत नाही. येन्सनचं यावर एक सूत्र होतं, त्याला तो सॉना म्हणायचा, तिकडच्या लोकांचं वाफेचं स्नान, गरमातनं गारात आणि गारातनं गरमात. म्हणजे प्रदर्शनं लावताना नावाजलेले, लोक धावत येतील असे कलाकार हे गरम, आणि त्यांच्या जोडीला ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही ते गार. गरमासाठी आलेला माणूस गारात पण बुडी मारून जातो. मार्केटिंग म्हणून एकदम पक्कं. माझ्या बाबतीत मात्र गरम-गार उलटं झालं, पिकासो बघून मी सरळ पुढं गेलो, आणि नटबोल्टासारख्या क्षुल्लक गोष्टींपाशी थांबलो.

हिचं खरं अडलं ते असगर यॉर्नपाशी. हा डेन्मार्कचा चित्रकार, १९४८ ते १९५१ कोब्रा नावाचा गट होता त्यातला. कोपनहेगन, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम या तीन शहरांच्या आद्याक्षरांवरनं कोब्रा. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, या लोकांना शाळेत शिकवलेलं नीटनेटकं चित्र नको झालं होतं, त्यांना लहान पोरांसारखं काढायचं होतं. रंग भडक, तोंडं वेडीवाकडी, डोळे कुठंही. मी म्हटलं आपला नातू काढतो असं. हे वाक्य मॉडर्न आर्टसमोर जगातला प्रत्येक नवरा म्हणतो हे मला माहीत आहे. पण ही नेहमीसारखी चिडली नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "तो काढतो ते बरोबर, पण चौथीपर्यंतच. पाचवीत आमच्याकडं आला की आम्ही बंद करतो."

मग बाकावर बसून बोलत बसलो. ती सांगत होती, एलिमेंटरीला वस्तुचित्र असतं, तांब्या, भांडं, फळं समोर मांडायची, छायाप्रकाश दाखवायचा. स्मरणचित्रात बाजार, बसस्टँड, पंचमीचे झोके. संकल्पचित्रात रंग रेषेबाहेर गेला की मार्क गेले. पोरांना ग्रेड मिळाली पाहिजे, दहावीला त्याचे मार्क वाढून मिळतात, पालक त्यासाठीच पाठवतात. "माझ्या वर्गात एक मुलगी होती," ती म्हणाली, "बाजाराच्या चित्रात तिनं सगळ्या माणसांना एकच मोठ्ठा डोळा काढला होता. मी तिला पुसायला लावलं." मी म्हटलं परीक्षेला ते चाललं नसतं, तू बरोबरच केलंस. ती म्हणाली बरोबर केलं, ते मला माहीत आहे. मग उठून परत त्या चित्राकडं गेली. मी बाकावरच बसलो. खरं सांगायचं तर मला अजून पण वाटतं तिनं बरोबर केलं, पाया आधी पक्का पाहिजे, हे यॉर्नबिर्न पण आधी नीट चित्र काढायला शिकूनच मग वाकडं काढत होते. पण हा वाद पुढं विमानात पण चालला, आणि त्यात ती मला हरवत आली आहे.

तिची आणखी एक आठवण निघाली ती टाउन हॉल म्युझियमची. कोल्हापुरात ही पोरांना तिथं न्यायची, आबालाल रहिमान यांची चित्रं दाखवायला. रंकाळा, कोटितीर्थ, ते पाणी, ती संध्याकाळ. ही म्हणते आमची पोरं म्युझियममध्ये गेली की पहिलं वाक्य "हात लावू नका", दुसरं "आवाज करू नका", तिसरं "रांगेत चला". इथं तर पोरांसाठी वेगळा तीन मजली विभाग आहे, रंग, माती, ब्रश, सगळं मांडून ठेवलेलं, आई-बाप पण बाह्या सरसावून बसलेले. आबालालांच्या खोलीत जर पोरांना पेन्सिल आणि कागद देऊन तासभर फरशीवर बसवलं तर खर्च किती येईल, ती विचारत होती. मी म्हटलं कागदाचाच. आता ती त्याच्या मागं लागलीय, बघू, परवानगीचा अर्ज मी लिहून देणार आहे असं परस्पर ठरलंय.

संध्याकाळी बागेच्या उत्तरेकडं गेलो, तिथं घळीसारखी जागा आहे आणि तिच्यात रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकाराच्या अवाढव्य पोलादी प्लेटा उभ्या आहेत, गंजलेल्या. सेरा तरुणपणी पोट भरायला स्टील मिलमध्ये काम करायचा. हे मटेरियल आम्ही कॉर्टेन म्हणतो, त्यात तांबं, क्रोमियम असं थोडं थोडं मिसळलेलं असतं, वरचा गंज एकदा धरला की तोच आतल्या लोखंडाचं रक्षण करतो, रंग लावायची गरज नाही. फक्त समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात त्याचा तेवढा भरवसा नसतो, म्हणून मी जवळ जाऊन बघितलं, पापुद्रे सुटतायत का. नव्हते सुटत. ही मागनं म्हणाली, "ही जागा त्यानं बघितली की प्लेटा?" म्हणजे आधी काय सुचलं असेल. आम्ही दोन्ही बाजूंनी चालून बघितलं. प्लेटांच्या मधनं गेलं की घळ अरुंद वाटते, वरनं बघितलं की प्लेटा जमिनीत रुतल्यासारख्या. मला वाटतं जागा आधी. तिला पण. दिवसभरात एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत.

जाणार असाल तर मंगळवार ते शुक्रवार जा, रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि जूनमध्ये तोपर्यंत उजेड पण असतो, शनिवार-रविवार मात्र सहालाच बंद, सोमवारी सुट्टी. अठरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. कोपनहेगन कार्ड काढणार असाल तर त्यात हे म्युझियम पण येतं आणि तिथवरची रेल्वे पण, त्यामुळं हा दिवस त्याच कार्डात बसवा. त्याच गाडीनं पुढं हेल्सिंगॉरला क्रोनबोर्गचा किल्ला आहे, शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकातला, लोक दोन्ही एका दिवसात करतात, आम्ही केलं नाही आणि करू पण नका.

निघताना दुकानात हिनं एक पोस्टर घेतलं, काल्डरचं. यॉर्नचं घेईल असं मला वाटलं होतं. म्हणाली हे तुमच्या ऑफिसात लावायचं, त्या वेल्डिंग रॉडच्या कॅलेंडरच्या जागी. कॅलेंडर कंपनीवाला दर दिवाळीला स्वतः येऊन लावून जातो, त्याला काय सांगायचं ते ती सांगत नाही. पोस्टरची नळी बॅगेत बसत नव्हती म्हणून सगळ्या प्रवासात ती मीच खांद्यावर घेऊन फिरलो, आणि विमानतळावर सिक्युरिटीवाल्यानं उघडून बघितली.